काडी आणि चौतीस मिनिटं

माझं शिक्षण ज्याच्यामुळे झालं तो माणूस एक दिवसही शाळेत गेलेला नाही. वैनगंगेवर आमच्या घाटाला तो डोंगा, म्हणजे लाकडी होडी, चालवतो. सगळं गाव त्याला भाऊ म्हणतं, मीही भाऊच म्हणतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. पदवीचा कागद हातात आला त्या दिवशी आईच्याही आधी मी ज्याच्या पाया पडलो तो हा भाऊ. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते त्याच माणसाला मी कसा बुडवायला निघालो होतो त्याबद्दल आहे.

आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात आणि हायस्कूल पलीकडच्या काठाला, चंद्रपूर जिल्ह्यात. मधे नदी. पुलावरून जायचं तर आधी जंगलातली पायवाट, मग एक बस, मग नाक्यावर दुसरी बस, आणि ती मिळाली तर. जंगलाच्या तोंडाशी वनखात्याने वाघाचा बोर्ड लावला आहे. मी लहान असताना आम्ही त्या बोर्डाला दगड मारायचो. आता त्या वाटेने सकाळी उन्हं वर आल्याशिवाय कोणी एकटं जात नाही, आणि चारनंतर तर कोणीच नाही. गावाजवळ नवा पूल व्हायचा आहे. त्याचे चार खांब उभे राहिले आणि काम थांबलं. खांबांवर बगळे बसतात. म्हणून लोक अजून डोंग्यानेच जातात.

डोंग्याचं भाडं म्हणजे धान निघालं की घरटी थोडं धान. आमच्याकडे शेतीच नव्हती. बाबा हंगामाला मिरची तोडायला तेलंगणात जायचे, आई दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोपं लावायला, रोवण्याला. भाऊ धान गोळा करायला निघाला की आमच्या घरावरून सरळ पुढे जायचा, जणू ते घर त्या गल्लीत नाहीच. पाचवी ते दहावी मी त्याच्या डोंग्यात बसलो.

त्याची एक रीत होती. सकाळी घाटावर आला की आधी तो एक काडी काठावर गाडायचा, पाणी जिथे चिखलाला टेकतं तिथे अगदी नेमकी. मग बाजूला बसून बिडी ओढायचा. बिडी संपली की काडीकडे बघायचा. पाणी काडीच्या मागे सरलं असेल तर "बसा". काडीला लागून असेल तर "बसा, पन हालू नका". काडीच्या पुढे दोन बोटं चढलं असेल तर तो वल्हं खांद्यावर टाकून घरी जायचा. प्रत्येक खेपेला नवी काडी. मी विचारलं होतं, एकच का ठेवत नाही? म्हणाला, "कालच्या काडीले आजची नदी माहीत नाई."

आठवीत असताना आम्हाला भूगोलाच्या सरांनी नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजायला शिकवलं. लंडन ते रोम, पॅरिस ते बर्लिन. दोरा ताणायचा, मग पट्टीवर ठेवायचा. सर म्हणाले, विमान असं जातं. मी वेडा झालो. घरी जाळं विणायच्या दोऱ्याने मी अख्खा युरोप मोजून काढला. दुसऱ्या दिवशी डोंग्यात भाऊला म्हणालो, "भाऊ, तुम्ही वाकडं काऊन नेता जी? सरळ रेघ सगळ्यात जवळ असते."

भाऊ नेहमी पलीकडच्या घाटाकडे तोंड करून निघतच नसे. तो डोंग्याचं टोक बरंच वर, एका सावरीच्या झाडाकडे धरायचा आणि नदी आम्हाला आपसूक घाटावर आणून सोडायची.

"कोनं सांगतलं?"

"सरांनी. नकाशावर."

"नकाशात पानी वाह्यते का?"

डोंग्यातल्या बाया हसल्या. "सरळ रेघ मार तू," भाऊ म्हणाला, "शाळा इथीच राहीन, अन् तू मार्कंड्याले निघशीन. दर्शन घे अन् ये चालत." मार्कंड्याचं देऊळ प्रवाहाच्या दिशेला बरंच खाली आहे. त्या दिवसापासून त्याने माझं नाव नकाशेवाला ठेवलं.

आणखी एक दिवस आठवतो. नववीत तालुक्याला माझी एक स्पर्धा परीक्षा होती. सकाळी घाटावर आलो तर भाऊ वल्हं घेऊन परत निघालेला. मी त्याच्या धोतराला धरलं, रडलो, आईची शपथ घातली. त्याने माझी मान धरून मला काठापर्यंत नेलं आणि बोट दाखवलं. काडीचं टोकही दिसत नव्हतं. "परीक्षा पुढच्या वर्षी येते," तो म्हणाला, "तू नाई येत."

परीक्षा पुढच्या वर्षी आली, मी पास झालो. नागभीडला कॉलेज केलं, आणि आता चार वर्षांपासून चंद्रपूरला नोकरीत आहे. तिथलं काम नीट सांगायला हवं, कारण गावात ते कोणालाच नीट माहीत नव्हतं आणि मी माहीत होऊ दिलं नाही.

मोबाइलच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. तिथे आम्ही सहा जण संगणकावर एका वेबसाइटची पानं लिहितो. जगातल्या कुठल्याही दोन शहरांमधलं विमानाचं अंतर किती आणि प्रवासाला वेळ किती, एवढंच त्या वेबसाइटवर असतं. माझ्या वाट्याला युरोपच्या राजधान्या. लिस्बन ते माद्रिद, ओस्लो ते स्टॉकहोम. आम्ही काही मोजत नाही. नकाशावर दोन ठिकाणी टिचकी मारायची. यंत्र दोन्हींमध्ये सरळ रेघ ओढतं, तिची लांबी विमानाच्या ठरावीक वेगाने भागतं, चढण्या-उतरण्याची तीस मिनिटं मिळवतं आणि उत्तर देतं. त्या उत्तराभोवती चार परिच्छेद लिहायचे. मी आजपर्यंत विमानात बसलेलो नाही. नागपूरचं विमानतळ बाहेरून पाहिलं आहे.

एकदा व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा असं पान आलं. ऑस्ट्रियाची राजधानी आणि स्लोव्हाकियाची राजधानी. पंचावन्न किलोमीटर. यंत्राने वेळ दिली चौतीस मिनिटं. मला हे शोधून पाहावंसं वाटलं, तर कळलं की त्या दोन शहरांमध्ये थेट विमानच नाही. इतकं जवळ कोण कशाला उडेल? विमानानेच जायचं म्हटलं तर तिसऱ्याच देशात उतरून फिरून यावं लागेल, अर्धा दिवस जाईल. लोक रेल्वेने जातात, तासाभरात. आणि दोन्ही शहरं एकाच नदीच्या काठावर आहेत, डॅन्यूबच्या. तिच्यातून बोट जाते. व्हिएन्नाहून खाली येताना तिला कमी वेळ लागतो, परत वर जाताना जास्त. हे वाचून मला भाऊ आठवला आणि हसू आलं.

मी साहेबांना म्हटलं, "सर, ही चौतीस मिनिटं कुठेच नाहीत. असं विमानच नाही."

साहेब चहा पीत होते. "त्या पानावरून कोणी विमान पकडायला जात नाही. 'अंदाजे' लिहा आणि पुढचं घ्या."

घुग्घुसहून रोज मोटरसायकलने येणारा माझा सोबती मागून ओरडला, "अबे, चौतीस मिनिटांत माह्या गावचं रेल्वे फाटक उघडत नाई, अन् तू दोन देश पार करून राह्यला!"

मी 'अंदाजे' लिहिलं. छोट्या अक्षरात ते प्रत्येक पानाच्या तळाशी असतंच.

गावात मात्र माझ्या कामाची वेगळीच गोष्ट झाली होती. आईने कोणाला तरी सांगितलं की पोरगा विमानाच्या वेळेचं काम करतो. ते घाटावर पोचेपर्यंत असं झालं की परदेशातली विमानं किती वाजता निघायची आणि किती वाजता पोचायची ते मी ठरवतो. सुटीत गेलो की भाऊ डोंग्यात नव्या माणसाला सांगायचा, "हा कोन माहीत हाये का? याच्या बोटावर विमान उतरते. माह्या डोंग्यात शिकला." मी खाली बघायचो. नाही म्हणायला तोंड उघडत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून ते जमायचं नाही, असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मलाही ते ऐकायला गोड वाटत होतं.

गेल्या वर्षीचा रोवणा. दोन दिवस पाऊस लागून होता, मग थांबला. दुपारी बाराला मी संगणकासमोर होतो आणि भाऊचा फोन आला. भाऊ फोन करतो म्हणजे दुसऱ्या कोणीतरी नंबर लावून दिलेला असतो, आणि तो इतक्या मोठ्याने बोलतो की फोनची गरज नसावी.

"नकाशेवाल्या! वरच्या धरनाचं पानी सोडलं म्हनते. मोबाइलवर आलं. आपल्या घाटावर कवा येते?"

"तुम्ही कुठे आहात जी?"

"मी इकडच्या काठाले. बाया पलीकडं रोवन्याले गेल्या हायेत. तुयी मायही हाये. दोनले आनतो म्हनून सांगतलं होतं. पन एक बांधी राह्यली म्हनते. धानाचे पऱ्हे उपटून ठेवले हायेत, सुकन. टायम हाये का?"

मी त्याला म्हणायला हवं होतं, भाऊ, काडी बघा. तेवढंच म्हणायला हवं होतं. पण समोर यंत्र उघडं होतं. मी नकाशावर धरणावर टिचकी मारली, दुसरी आमच्या घाटावर. विमानाचा वेग खोडला आणि पाण्याचा म्हणून एक आकडा घातला. तो मी कुठे तरी वाचला होता, कुठे ते आता आठवत नाही. वर स्वतःची अक्कल वापरली की नदी वळणं घेते, म्हणजे वेळ जास्तच लागेल. दोन मिनिटांत उत्तर तयार होतं.

"पाचच्या आधी येत नाही, भाऊ."

"पाच?"

"पाच."

"पक्कं?"

"हो जी."

तळाशी छोट्या अक्षरात जे असतं ते मी बोललो नाही.

पाणी साडेतीनला आलं.

ते धरणाचं होतं, की दोन दिवसांच्या पावसाने वरचे नाले भरून आले होते त्यांचं होतं, की दोन्ही एकत्र आलं, हे मला आजही माहीत नाही. आधीच भरलेल्या नदीत पाणी वेगळं चालतं, हे नंतर मी वाचलं. यंत्राला नाले माहीत नव्हते. मलाही आठवले नाहीत, आणि मी तर त्याच नाल्यांत खेकडे धरत मोठा झालो.

पुढचं मी आईकडून ऐकलं, तुकड्यातुकड्यांनी. बाया दीड वाजताच म्हणत होत्या, निघू. नदीचा वास बदलला, असं एक म्हातारी म्हणाली. भाऊने पलीकडे जाऊन त्यांना सांगितलं, "करा निवांत. पोट्ट्यानं पाचचा टायम देल्ला." तेव्हा त्यांनी राहिलेली बांधी पुरी केली. सवातीनला आठ जणी डोंग्यात बसल्या. मधोमध आल्यावर भाऊने वल्हं टाकलं ते नदीने घेतलं नाही. पाण्यावर फेस आणि काटक्या आल्या. मग वरून आवाज आला. आई त्या आवाजाचं वर्णन करत नाही. तिथे थांबते आणि हातातलं काम करू लागते.

डोंग्याचं टोक वरच्या अंगाला वळवायला वेळच मिळाला नाही. नदीने तो सरळ नेला. अर्ध्या कोसावर एक बेट आहे, पावसाळ्यात बुडतं, फक्त बाभळीचे शेंडे वर राहतात. डोंगा त्या शेंड्यांत आडवा अडकला आणि मधून फुटला. बाया बाभळी धरून राहिल्या. भाऊने एका हाताने फांदी धरली आणि दुसऱ्या हाताने सगळ्यात म्हाताऱ्या बाईचं लुगडं. दिवस मावळायच्या आधी खालच्या गावच्या माणसांनी दोर टाकून सगळ्यांना काढलं. सगळ्या वाचल्या. आईच्या दोन्ही तळव्यांत अजून काट्यांच्या खुणा आहेत. भाऊचा उजवा खांदा निखळला, तो नीट बसला नाही. तो हात आता कानाच्या वर जात नाही.

मी तिसऱ्या दिवशी गावी पोचलो. आई एवढंच म्हणाली, "तुया टायम नसता, तर आमी दीडलेच आलो असतो नं." रागाने नाही. हिशेब मांडावा तसंही नाही. नुसतं म्हणाली आणि भात वाढला.

मग भाऊकडे गेलो. तो खाटेवर बसला होता, खांद्याला पट्टा. शिव्या देईल, थुंकेल, काहीही करेल, ते मी घेणार होतो. मला बघून तो हसला.

"ये, नकाशेवाल्या. बस."

"भाऊ, माझं चुकलं."

"तुयं काय चुकलं? तू तं बराबर सांगतलं. नदीच लवकर आली. अन् माहा हात धिमा पडला आता, मानूस म्हातारा झाला." मग त्याने आवाज खाली केला, जणू त्याचाच गुन्हा सांगत होता. "एक सांगू? त्या दिवशी मी काडी गाडली नाई."

"का?"

"तुया टायम होता नं."

मी पाणी पिऊन उठलो.

मला वाटलं होतं, हे इथे संपेल. भाऊ परत आपल्या काडीकडे जाईल, मी माझ्या राजधान्यांकडे. तसं झालं नाही. हिवाळ्यात त्याने नवा डोंगा करायला घेतला. गावाने लाकूड दिलं. उन्हाळाभर तो घाटावर एका हाताने डांबर लावत होता. मे महिन्यात मी गेलो तेव्हा डोंगा तयार होता, पालथा, काळा. वर्षभरात भाऊची नजरही मंदावली होती, आता त्याला समोरचा माणूसही जवळ आल्याशिवाय ओळखू येत नाही.

"यंदा काई चिंता नाई," तो म्हणाला. "रोज सकाळी फोन लावतो तुले. तू टायम सांगजो, मी खेप मारतो. काडी दिसतही नाई आता मले."

"भाऊ, माझा टायम खोटा आहे जी."

तो हसला. "विमानं पडून राह्यली का तुयी? नाई नं? मंग?"

डोंग्याच्या सावलीत बसलेली माणसंही हसली. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा हसली. लाजतो पोरगा, असं त्यांना वाटलं. माझ्यासोबत आलेली आई मात्र हसली नाही.

त्यानंतर दोनदा फोनवर सांगून पाहिलं. फोनवर भाऊ ऐकत नाही, बोलतो. "हो हो, पक्कं, तूच सांगजो," म्हणतो आणि फोन दुसऱ्याच्या हातात देतो. मृग लागायला आता आठ दिवस आहेत. रात्री पाऊस वाजल्याचा भास झाला की माझी झोप जाते, आणि सकाळी फोन वाजला की आधी नदी दिसते. तो फोन मी उचलला आणि काहीही बोललो, पाच म्हणालो, चार म्हणालो, माहीत नाही म्हणालो, तरी भाऊ त्यातून टायम काढेल. नाही उचलला, तर कालचाच टायम आजचा समजेल.

एक गोष्ट मात्र आहे. आमच्या गावात कागदाला मान आहे. तिकीट लावून आलेलं पत्र अंगणवाडीच्या बाई चौकात वाचून दाखवतात आणि ते ऐकायला सगळे येतात. भाऊ असे कागद पत्र्याच्या डब्यात ठेवतो. चौकात वाचलेलं नाकारता येत नाही. ते वाचल्यावर घाटावर माझी काय किंमत राहणार, ते मला माहीत आहे. आईला विचारलं. ती म्हणाली, "लिही."

परवा पोस्टात टाकलं ते पत्र असं:

भाऊले नमस्कार जी.

अंगनवाडीच्या बाई, हे पत्र चौकात वाचजा. मोठ्यानं वाचजा, अन् बायाही असल्या पाहिजेत.

भाऊ, मी विमानाचा टायम ठरवत नाई. कवाच ठरवला नाई. तुमी सगळ्याइले सांगत होते अन् मी आयकून घेत होतो, मले बरं वाटत होतं म्हनून. मी विमानात बसलोही नाई. मी एका खोलीत बसतो. यंत्रावर दोन ठिकानी बोट लावतो, ते सरळ रेघ मारते अन् भागाकार करते. तुमीच मले आठवीत सांगतलं होतं का नकाशात पानी वाह्यत नाई. मी हसून सोडून देल्लं.

युरोपात दोन राजधान्या हायेत, एकाच नदीवर. माह्या यंत्रानं सांगतलं का विमानानं चौतीस मिनिटं. तिथी तसं विमानच नाई. मले ते माहीत झालं, तरी मी चौतीसच लिहिलं. कोनी जात नाई, म्हनून कोनी मेलं नाई. तुमाले पाच सांगतलं तेही तसंच होतं. पन तुमी गेले.

त्या दिवशी नदी लवकर आली नाई. तुमचा हातही धिमा पडला नाई. माहा टायम खोटा होता. आठ बाया बाभळीले लटकल्या, त्यात माही माय होती, ते माह्या बोलन्यानं. हे चौकात सांगायचं होतं म्हनून पत्र लिहिलं.

मले फोन लावू नका. लावला तरी मी टायम सांगनार नाई. मी नदीपासून लय दूर बसलो हावो.

तुमाले काडी दिसत नाई म्हनता. मंग माह्या मायले घाटावर बसवा, तिले दिसते. दर खेपेले नवी काडी गाडा. बिडी सरली का तिले विचारा. पानी काडीच्या पुढं दोन बोटं चढलं, तर डोंगा पालथा करा अन् घरी जा. बांधी राह्यली तर राहू द्या. पऱ्हे सुकले तर सुकू द्या. कोनी म्हनन का नकाशेवाल्यानं पाचचा टायम देल्ला, तं त्याले हे पत्र दाखवा.

माह्या परीक्षेच्या दिवशी तुमी माही मान धरून काडी दाखवली होती. तशीच आता तुमची मान धरून सांगून राह्यलो, लहान असून. पाया पडतो जी.

तुमच्या डोंग्यात शिकलेला,
नकाशेवाला